ज्याचा प्रश्न, तो सभागृहात

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाच्या मागणीवर निकाल दिला. सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड. लग्न करण्याचा हक्क राज्यघटनेने मूलभूत म्हणून दिलेला नाही, यावर पाचही जणांचं एकमत झालं. निदान ‘सिव्हिल युनियन’सारखं नातं तरी मान्य व्हावं, असं सरन्यायाधीश आणि न्या. संजय किशन कौल यांचं म्हणणं होतं. बाकीच्या तिघांनी तेही नाकारलं. विवाहाचा कायदा बदलायचा तर तो कायदेमंडळाने बदलावा, असा निकालाचा रोख होता. ९ जानेवारी २०२५ रोजी फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या.

या निकालावर मराठीत पुष्कळ चर्चा झाली. न्यायालय कुठे कमी पडलं, कुठे बरोबर होतं, यावर लेख आले, परिसंवाद झाले. पण न्यायालयाने ज्या सभागृहाकडे बोट दाखवलं, त्या सभागृहात हा प्रश्न नेमका कोण मांडणार, कसा मांडणार, मतं कुठून गोळा करणार, याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. प्रस्तुत पुस्तक तिथून सुरू होतं. स्वतःचं समलैंगिक असणं न लपवता निवडून आलेल्या, किंवा निवडून आल्यावर ते जाहीर केलेल्या, आणि विवाहसमानतेचा कायदा पुढे रेटणाऱ्या लोकप्रतिनिधींची ही राजकीय चरित्रं आहेत. महाराष्ट्राच्या विधिमंडळात असा आमदार आजवर झालेला नाही. मराठीत असं पुस्तक हवं होतं, ते म्हणूनच.

मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठला राहते. वनहक्काचे दावे भरून देणं, सातबारावर वारस लावून देणं, शिधापत्रिका वेगळी करून देणं, असली कागदांची कामं करते. समलिंगी विवाहाच्या पुस्तकाला पेठच्या बाईने प्रस्तावना लिहावी, याचं काही मित्रांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. का, ते आधी सांगते.

पेठ तालुका अख्खा अनुसूचित क्षेत्रात आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली ही इथली माणसं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम २ मध्ये अनुसूचित जमातींना स्वतःच्या कक्षेबाहेर ठेवलं आहे. केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली तरच तो त्यांना लागू होतो. त्यामुळे आमच्याकडची बहुतेक लग्नं जमातीच्या रूढीवर उभी असतात. लग्नाला पैसा नाही म्हणून कुणी खोळंबून राहत नाही. दोन्ही घरांना पसंत असलं की मुलगा-मुलगी एकत्र नांदू लागतात, भात-नागली करतात, द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडे मजुरीला उतरतात, पोरंबाळं होतात, आणि लगीन पुढे सवडीने लागतं. सामुदायिक विवाहाच्या मांडवात मुंडावळ्या बांधलेल्या नवरीच्या कडेवर तिचंच मूल असतं. ते मूल तिच्या मुंडावळ्या ओढत असतं आणि शेजारची बाई त्याला बिस्किटाचा पुडा देऊन गप्प करत असते. कधी बाप आणि मुलगा एकाच मांडवात बोहल्यावर चढतात. वारल्यांमध्ये लगीन लावते ती धवलेरी, म्हणजे एक बाईच. यात कुणाला वावगं वाटत नाही.

मग इतकी वर्षं नांदल्यावर ही माणसं मांडवात येतात कशासाठी? देवाधर्माचं, मानपानाचं कारण आहेच. पण दुसरं कारण कागद हे आहे. नवरा गेल्यावर बाईचं नाव जमिनीला लागायचं तर ती त्याची बायको असल्याचं दाखवावं लागतं. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ४(४) प्रमाणे दावेदार विवाहित असेल तर जमिनीचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावाने नोंदवायचा असतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या लाँग मार्चमध्ये आमच्या भागातले लोक पायाला फोड येईस्तोवर चालले, ते याच जमिनींसाठी. आता दोन बाया एकमेकींच्या आधाराने एका घरात राहत असतील, एकच वावर कसत असतील, तर त्यांचा अर्ज भरायला बसल्यावर ‘पती/पत्नीचे नाव’ या रकान्यात काय लिहायचं? रकाना कोरा सोडावा लागतो. दोघींपैकी एक गेली की दुसरीला त्या वावरात उभं राहायचाही आधार उरत नाही. मग भाऊबंद येतात.

निकालानंतर केंद्राने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२४ मध्ये अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले समजावं, संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्यात एकमेकांना नामनिर्देशित करायला हरकत नाही, अशा सूचना निघाल्या. चांगलं झालं. पण सूचना ही कायदा नव्हे. तालुक्याच्या टेबलावर ती पोचेस्तोवर आणि तिथला कारकून ती वाचेस्तोवर माणसाचं आयुष्य जातं, आणि नवं सरकार ती एका पत्राने मागे घेऊ शकतं. म्हणून विवाहाचा हक्क ही शहरातल्या सुखवस्तू लोकांची मागणी आहे, असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

पेठमधून लिहिण्याचं दुसरं कारण प्रतिनिधित्वाचं. पेठ तालुका दिंडोरी विधानसभा मतदारसंघात येतो आणि ती जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. आपल्या प्रश्नाचा माणूस आत बसलेला असणं म्हणजे काय, हे इथल्या मतदाराला कुणी शिकवायला नको. डॉ. आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हापासून या देशात हा वाद चालत आला आहे: वंचितांच्या वतीने कुणी भल्या माणसाने बोलावं, की वंचितांनी स्वतः तिथे बसावं? आंबेडकरांचं उत्तर आपल्याला माहीत आहे. राखीव जागा त्या उत्तरातून आल्या.

समलैंगिक माणसांच्या बाबतीत मात्र हे उत्तर जसंच्या तसं लागू पडत नाही, आणि माझ्या मते या पुस्तकाच्या विषयाचं मर्म इथे आहे. आदिवासींसाठी मतदारसंघ आखता येतो, कारण ते एका मुलखात एकत्र राहतात. समलैंगिक माणसं प्रत्येक गावात, प्रत्येक जातीत, प्रत्येक पक्षात आहेत, पण एकगठ्ठा कुठेच नाहीत. त्यांची मतपेढी होत नाही. बरेचदा शेजारच्या घरातलं असं माणूस कोण, हेही गावाला ठाऊक नसतं. म्हणजे त्यांचा प्रतिनिधी नेहमीच इतरांच्या मतांवर निवडून येणार. रस्ते, पाणी, दवाखाना या कामांवर. आणि सभागृहात गेल्यावर ‘हा प्रश्न माझा आहे’ असं त्याने उभं राहून सांगितलं तरच त्याचं प्रतिनिधित्व सुरू होणार. जन्माचा दाखला इथे पुरत नाही, बोलावं लागतं. या चरित्रांमध्ये तो बोलण्याचा क्षण पुन्हा पुन्हा येतो, आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत वेगळी असते.

आपल्याकडची पूर्वपीठिका थोडक्यात सांगते. विवाहाचा कायदा बदलणं हे महाराष्ट्राला नवं नाही. १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाने भटजीवाचून लग्नं लावायला सुरुवात केली. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला. हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांच्या हस्तमैथुनाविषयीच्या आणि समलैंगिकतेविषयीच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले होते वकील भीमराव आंबेडकर. खटल्यात हार झाली, कर्व्यांना दंड झाला. पण लैंगिकतेवर शास्त्रीय भाषेत बोलणं म्हणजे अश्लीलता नव्हे, हे मुंबईच्या न्यायालयात त्या काळी मांडलं गेलं, याचा आपल्याला विसर पडला आहे.

पुढची वाट मुख्यतः चळवळीची आणि कोर्टाची. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ काढलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्टचं काम सुरू केलं आणि मराठीतून सातत्याने लिहिलं. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्येच रंगभूमीवर आलं होतं. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सैल केलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा आवळलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी संमतीने ठेवलेल्या संबंधांपुरतं ते रद्द केलं. २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली.

संसदेचा हिशेब मात्र फार तोकडा आहे. १८ डिसेंबर २०१५ रोजी शशी थरूर यांनी ३७७ बदलणारं खासगी विधेयक मांडायची परवानगी मागितली, तर ७१ विरुद्ध २४ मतांनी ती परवानगीच नाकारली गेली. चर्चा दूरच राहिली. १ एप्रिल २०२२ रोजी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये बदल सुचवणारं विधेयक लोकसभेत मांडलं: ‘पती’ आणि ‘पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’, दोघं पुरुष असतील तर वय २१, दोघी स्त्रिया असतील तर १८. लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक लयाला गेलं. स्वातंत्र्यानंतर केवळ १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि शेवटचा १९७० मध्ये, हे पाहता ते होणारच होतं. तरी एका मराठी खासदाराने ते लिहून पटलावर ठेवलं, हे मी मोठं मानते. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांच्याच पक्षाने महाराष्ट्रात एलजीबीटी सेल काढला होता. पण सुळे दुसऱ्यांच्या वतीने बोलत होत्या. आंबेडकरांचा जुना प्रश्न तिथे उरतोच.

या जागी न्यूयॉर्क राज्याची कहाणी वाचावी. पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तो. डॅनियल ओडॉनेल २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या असेंब्लीवर, म्हणजे राज्याच्या कनिष्ठ सभागृहावर, निवडून आले. असेंब्लीत निवडून आलेले ते पहिले उघडपणे समलैंगिक पुरुष. त्यांच्याआधी १९९० मध्ये डेबोरा ग्लिक निवडून आल्या होत्या. ओडॉनेल आणि त्यांचे जोडीदार लग्नाच्या हक्कासाठी कोर्टातही गेले होते. जुलै २००६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासह सगळ्या जोडप्यांच्या विरुद्ध निकाल दिला आणि सांगितलं, हे काम विधिमंडळाचं आहे. आपल्या २०२३ च्या निकालाशी हे इतकं जुळतं की वाचताना दचकायला होतं. फरक एवढाच, की तिथला याचिकाकर्ता स्वतः आमदार होता. त्याने निकाल घेतला आणि विधेयक घेऊन सभागृहात गेला.

जून २००७ मध्ये असेंब्लीने ते ८५ विरुद्ध ६१ मतांनी मंजूर केलं. सिनेटने ते विचारातच घेतलं नाही. २००९ मध्ये असेंब्लीने पुन्हा मंजूर केलं. २ डिसेंबरला सिनेटमध्ये मतदान झालं आणि विधेयक २४ विरुद्ध ३८ असं सपशेल पडलं. तिथे बाजू मांडत होते टॉम ड्वेन, तेही उघडपणे समलैंगिक. ओळखीच्या सहकाऱ्यांनी, ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं समित्यांवर काम केलं त्यांनी, विरोधात मत दिलं. तरी दोघंही पुढच्या अधिवेशनात पुन्हा त्याच बाकांवर येऊन बसले. २४ जून २०११ च्या रात्री सिनेटने ३३ विरुद्ध २९ मतांनी विधेयक मंजूर केलं आणि गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी त्याच रात्री सही केली.

दीड वर्षात नऊ मतं कुठून आली? मधल्या निवडणुकीत काही चेहरे बदलले, गव्हर्नरने जोर लावला, देणगीदार पुढे आले, धर्मसंस्थांना सवलत देणारी कलमं घातली गेली. पण रिपब्लिकन पक्षाचे चार सिनेटर फुटले नसते तर हे घडलं नसतं. त्या चौघांपैकी पुढच्या निवडणुकीनंतर एकच सभागृहात परतला. राजकारणात काम करणाऱ्या कुणीही हा तपशील लक्षात ठेवावा असं मला वाटतं. हक्काचा कायदा करताना ज्यांनी खुर्ची पणाला लावली, त्या चौघांचा तो प्रश्न नव्हता. ज्याचा होता त्याने तो वर्षानुवर्षं त्यांच्यासमोर बसून मांडला होता. माणूस आत असण्याचा उपयोग असा होतो: नकार देणाऱ्याला तो तोंडावर द्यावा लागतो.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचं चरित्र लिओ वराडकरांचं. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. इंग्लंडमध्ये त्यांची मिरियम या आयरिश परिचारिकेशी गाठ पडली, लग्न झालं, आणि पुढे संसार डब्लिनला स्थिरावला. लिओ १८ जानेवारी १९७९ चा. शिक्षणाने डॉक्टर, २००७ मध्ये आयर्लंडच्या कनिष्ठ सभागृहावर निवडून आले, २०११ मध्ये मंत्री झाले. २०१७ मध्ये ते देशाचे पंतप्रधान झाल्याची बातमी आपल्या सगळ्या वर्तमानपत्रांनी ‘कोकणचा सुपुत्र’ म्हणून छापली. डिसेंबर २०१९ मध्ये ते कुटुंबासह वराडला आले तेव्हा गावाने त्यांचं वाजतगाजत स्वागत केलं. त्या कौतुकात एक गोष्ट, त्यांचं समलैंगिक असणं, बहुतेक ठिकाणी शेवटच्या परिच्छेदात ढकलली गेली होती. पुस्तकाने ती मध्यभागी आणली आहे.

आयर्लंडमध्ये समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा कायदा १८६१ चा, म्हणजे आपल्या ३७७ च्या पिढीचा आणि त्याच साम्राज्याचा. सिनेटर डेव्हिड नॉरिस यांनी १९८८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयात त्याविरुद्ध निकाल मिळवला, आणि १९९३ मध्ये तो गुन्हा रद्द झाला. घटस्फोटसुद्धा त्या देशात १९९५ च्या सार्वमताने, तोही निसटत्या बहुमताने आला. कॅथरीन झॅपोन आणि अॅन लुईज गिलिगन कॅनडात केलेलं आपलं लग्न मान्य व्हावं म्हणून २००६ मध्ये कोर्टात हरल्या. पुढे झॅपोन सिनेटमध्ये गेल्या. कोर्टातून सभागृहाकडे हाच तो रस्ता. २०१० मध्ये सिव्हिल पार्टनरशिपचा कायदा झाला. त्या काळात तरुण आमदार वराडकर सभागृहात मुलाला आई आणि बाप दोन्ही असण्याच्या हक्काची बाजू मांडत होते. चरित्रकाराने हे झाकलेलं नाही, आणि झाकू नये. जो माणूस स्वतःशीच अजून बोललेला नाही, तो सभागृहात काय बोलतो, हे त्यातून कळतं.

१८ जानेवारी २०१५, वराडकरांचा ३६ वा वाढदिवस. रविवारच्या रेडिओ मुलाखतीत त्यांनी आपण समलैंगिक असल्याचं सांगितलं. ते तेव्हा आरोग्यमंत्री होते. समलैंगिक पुरुषांच्या रक्तदानावरची बंदी, सरोगसी अशा विषयांवर त्यांच्या खात्याला निर्णय घ्यायचे होते, आणि चार महिन्यांवर विवाहाचं सार्वमत होतं. लोकांपासून काही लपवून हे निर्णय घेऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं होतं. २२ मे २०१५ रोजी आयर्लंडने ६२ टक्के मतांनी विवाहसमानता राज्यघटनेत घातली. लोकमताने हे करणारा तो जगातला पहिला देश. ४३ मतदारसंघांपैकी एकाच मतदारसंघात विरोधी कौल पडला. खेडोपाडी, चर्चच्या सावलीत वाढलेल्या म्हाताऱ्या माणसांनी ‘हो’ म्हटलं. त्यामागे दारोदार फिरलेले कार्यकर्ते होते, आणि त्याआधी १०० जणांच्या घटनात्मक अधिवेशनात साध्या नागरिकांनी आमदारांच्या शेजारी बसून केलेली चर्चा होती. एकट्या वराडकरांचं हे श्रेय नव्हे.

बाकीचा पट भराभर पाहू. नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ पासून समलिंगी विवाह सुरू केला, जगात सर्वांत आधी. तिथे बोरिस डिट्रिच हे समलैंगिक खासदार १९९४ पासून मागे लागले होते. कॅलिफोर्नियात मार्क लेनो यांनी २००५ मध्ये विधिमंडळाकडून विधेयक मंजूर करून घेतलं. गव्हर्नरने नकाराधिकार वापरला, २००७ मध्ये पुन्हा तेच झालं. न्यूझीलंडमध्ये खासगी विधेयकांची पाळी चिठ्ठ्या काढून लागते. तिथे माओरी खासदार लुईसा वॉल यांची चिठ्ठी निघाली, आणि १७ एप्रिल २०१३ रोजी विधेयक ७७ विरुद्ध ४४ मतांनी मंजूर झालं तेव्हा प्रेक्षक सज्जातून माओरी भाषेतलं प्रेमगीत सुरू झालं आणि सभागृहातले सदस्यही गाऊ लागले. आदिवासी तालुक्यात राहणाऱ्या मला हे प्रकरण दोनदा वाचावंसं वाटलं. शेजारच्या नेपाळमध्ये सुनील बाबू पंत २००८ मध्ये संविधान सभेत गेले. २९ नोव्हेंबर २०२३ रोजी लमजुंग जिल्ह्यात तिथली पहिली अशी विवाहनोंदणी झाली, तीही एका गावपालिकेत. थायलंडचा कायदा २३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

या सगळ्यातून विचारांचे तीन-चार प्रवाह दिसतात. कोर्टाने हक्क द्यावा, बहुमताच्या मर्जीवर सोडू नये, असं मानणारा एक. टप्प्याटप्प्याने जावं, आधी सिव्हिल युनियन, मग विवाह, असं मानणारा दुसरा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २००७, २००९ आणि २०१२ अशा पायऱ्यांनी तेच केलं. अर्धा हक्क स्वीकारला की उरलेला कधी मिळत नाही, असं तिसऱ्याचं म्हणणं. आणि चौथा प्रवाह चळवळीच्या आतला, ज्याचा मी मनापासून आदर करते: विवाहसंस्था मुळातच बाईला आणि जातीला जखडणारी आहे, तर तिच्यात जागा मागायची कशाला? मुंबईतल्या ‘लेबिया’सारख्या स्त्रीवादी गटांनी लग्नापेक्षा जन्मघरातल्या हिंसेकडे, मनाने निवडलेल्या कुटुंबाच्या हक्काकडे लक्ष वेधलं आहे. मुलगी मैत्रिणीबरोबर निघून गेली तर तिला पोलिसांकरवी परत आणणारा बाप असतो. त्यापुढे विवाह नोंदणीचा प्रश्न दुय्यम वाटणं साहजिक आहे.

मला हा आक्षेप खरा वाटतो, पण त्यावरून विवाह मागू नये असा निष्कर्ष मी काढणार नाही. पोलीस ठाण्यात तिला परत न पाठवण्याचं सर्वांत भक्कम कारण आजही एकच चालतं, ते म्हणजे विवाहाचा दाखला. आंतरजातीय लग्न केलेल्या मुलामुलींना तो कसा वाचवतो, हे मी पाहिलं आहे.

आता राज्य विधिमंडळाचा प्रश्न. अनेकांना वाटतं, लग्न हा दिल्लीचा विषय आहे. तसं नाही. विवाह आणि घटस्फोट समवर्ती सूचीत पाचव्या क्रमांकावर आहेत. राज्याला कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी तो विसंगत असेल तर अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. तमिळनाडूने १९६७ मध्ये अण्णादुराईंच्या काळात हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घालून पुरोहिताशिवायची स्वाभिमान लग्नं वैध केली. उत्तराखंडने फेब्रुवारी २०२४ मध्ये समान नागरी संहिता करून लिव्ह-इन नात्यांची नोंदणी सक्तीची केली. म्हणजे राज्यं लग्नात हात घालतात, आणि ते मोकळं करण्यासाठी घालायचे की बांधण्यासाठी, हे सभागृहात बसलेली माणसं ठरवतात. महाराष्ट्राचा आमदार उद्या असं विधेयक मांडू शकतो.

तो कुठून येईल? वरच्या सभागृहांकडे पाहत बसण्यापेक्षा खालून पाहावं. २०१७ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने तृतीयपंथी ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच म्हणून निवडून दिलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या तृतीयपंथी अंजली पाटील यांचा महिला प्रवर्गातला अर्ज बाद झाला होता. औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. दोन्ही गावं, शहरं नव्हेत. गावाने माणूस पाहिला, काम पाहिलं, मत दिलं.

पुस्तकाविषयी थोडं. यात संत कुणी नाही. मत बदललेले, उशिरा बोललेले, तडजोड केलेले, हरून पुन्हा उभे राहिलेले असे सगळे आहेत. लेखकाने खासगी आयुष्यात डोकावण्यापेक्षा सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदी, मतदानाचे आकडे, विधेयकांचे मसुदे यांवर भर दिला आहे, आणि तो योग्यच आहे. काही ठिकाणी अमेरिकेतल्या प्रक्रियेचे तपशील फार लांबले आहेत. तिथे वाचकाने खुशाल पानं उलटावीत. स्त्री लोकप्रतिनिधींची चरित्रं अजून असायला हवी होती असं मला वाटतं, आणि पुढच्या आवृत्तीत ती यावीत अशी मागणी मी लेखकाकडे केली आहे.

शेवटी परिशिष्टात महाराष्ट्र विधानसभेत अशासकीय विधेयक कसं मांडतात, याची माहिती दिली आहे: सूचना कशी द्यायची, मसुद्यासोबत उद्देश व कारणांचं निवेदन कसं जोडायचं. आमच्या तालुक्यातल्या काही ग्रामपंचायत सदस्यांना मी त्याच्या झेरॉक्स प्रती दिल्या आहेत. ज्यांना चरित्रं वाचायला सवड नाही, त्यांनी तिथून सुरुवात केली तरी चालेल.

पेठ, जि. नाशिक